एक वीत अंतर

यंत्राच्या पलीकडची पोरगी "अरे?" म्हणाली. एवढंच. मोठ्यानं नाही, स्वतःशीच, चांगल्या दिसणाऱ्या भेंडीत अळी निघाल्यावर आपण म्हणतो तसं. माझी हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकलेली, कपाळ वरच्या पट्ट्याला चिकटलेलं, आणि डोळ्यात उजेडाची एक उभी चीर घुसलेली. "मावशी, हलू नका हां." मी कशाला हलतेय! बावीस वर्षं पोरांना 'हलू नको रे राजा' म्हणून म्हणून माझीच हाडं न हलायला शिकलीत. पण ते मी बोलले नाही. ती डाव्या डोळ्यावरून उजव्यावर गेली, उजव्यावरून परत डाव्यावर आली, मग खुर्ची मागे सरकवून तिनं माझा फॉर्म उचलला आणि दोनदा वाचला. "मावशी, तुम्ही लहान मुलांच्या वॉर्डला ना? एक्स-रेला कधी काम केलंय? आत, मशीन चालू असताना?" मी बोलायला तोंड उघडलं आणि भिंतीकडच्या बाकड्यावर बसलेल्या परबभाऊंकडे माझी नजर गेली. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे मला त्यांचं तोंड नीट दिसत नव्हतं, नुसता एक गव्हाळ गोळा दिसत होता. पण आत्तापर्यंत ते गुणगुणत होते, आणि ते गुणगुणणं थांबलं. "नाही," मी म्हटलं. "मी वॉर्डलाच." उचलली जीभ लावली टाळ्याला.

परबभाऊ म्हणजे सीताराम परब, आमच्या हॉस्पिटलचे एक्स-रेवाले. मालवणकडचे, बाप गिरणीत होता, गिरणी बंद पडली तसं सगळं घर मुलुंडला आलं. येत्या ऑगस्टात रिटायर होतायत. मी नंदा, त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान, वॉर्डातली आया. हॉस्पिटलात आयाला सगळे मावशीच म्हणतात, त्यामुळे इथे माझं नाव घेणारे एकटे परबभाऊच. आणि ही पोरगी दीप्ती, कुठल्याशा संशोधन संस्थेतून आलेली. नर्सिंगच्या जुन्या वर्गात तिनं महिनाभर हे यंत्र मांडलं होतं आणि आज तिचा इथला शेवटचा दिवस होता. रेडिएशनमध्ये काम करणाऱ्यांना मोतीबिंदू लवकर होतो का, आणि किती रेडिएशननं होतो, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी तिला छातीला बॅज लावणारी माणसं हवी होती. तो बॅज दर तीन महिन्यांनी तपासायला जातो आणि माणसानं किती किरणं खाल्ली ते त्याच्यावरून कळतं. आणि प्रत्येक बॅजवाल्यामागे त्याच्याच वयाचा एक जोडीदार हवा होता, किरणांशी काही संबंध नसलेला. दोघांच्या डोळ्यांतला फरक बघायचा. सकाळी परबभाऊ वॉर्डात येऊन म्हणाले, "काय गो नंदा, चल माझ्या जोडीक. फुकटात डोळे तपासतत." माझा फॉर्मही त्यांनीच भरला. खातं, बालरोग वॉर्ड. बॅज, नाही. रेडिएशनचं काम, नाही. त्यांच्या मनात पाप असतं तर मला राग तरी आला असता. पण त्यांना खरंच सुचलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मलाही नव्हतं सुचलं. बावीस वर्षं मी एक्स-रेच्या खोलीत उभी राहते, आणि मशीन चालू असताना खोलीत कोण कोण असतं असं कुणी विचारलं असतं तर आम्ही दोघांनीही सांगितलं असतं, पोर असतं आणि काचेमागे परब असतात.

थेंब घातल्यावर अर्धा तास डोळे मिटून बसायचं होतं, तेव्हा दीप्तीनं आम्हाला कांद्याची गोष्ट सांगितली. "मावशी, डोळ्यातलं भिंग ना, कांद्यासारखं असतं. बाहेरच्या कडेला जन्मभर नव्या पेशी तयार होतात आणि जुन्या आत ढकलल्या जातात. पण बाहेर काहीच पडत नाही. कातडी झडते, केस गळतात. भिंगातून काहीच जात नाही. तुम्ही आईच्या पोटात होतात ना, तेव्हाच्या पेशी अजून मधोमध बसल्यात." "अजून?" "अजून. आणि किरणांनी कडेच्या पेशी बिघडल्या, की त्यांची वाट चुकते. सरकत सरकत त्या भिंगाच्या मागच्या बाजूला, मधोमध जाऊन साठतात. वर्षं लागतात त्याला. म्हातारपणाचा मोतीबिंदू बहुतेक दुसऱ्या जागी येतो." परबभाऊ म्हणाले, "एवढा सगळा म्हायत आसा, मग आमका कित्याक बसवलंस?" ती हसली. "काका, हे उंदरांच्या डोळ्यांत बघितलंय. माणूस म्हणजे उंदीर नाही ना. आणि नुसती माणसं मोजली तर किती जणांना झालं ते कळतं, का झालं ते कळत नाही. शुगरनं होतो, स्टेरॉइडनं होतो. म्हणून पेशीपण बघायच्या आणि माणसंपण मोजायची. दोन्ही जुळलं तरच ठामपणे सांगता येतं ना, की इतक्याच्या वर धोका आहे, ह्यांना शिशाच्या काचेचे चष्मे द्या." मग ते दोघं चहाचं बोलत राहिले आणि मी मिटल्या डोळ्यांनी माझ्या भिंगात शिरले. आईच्या पोटातली मी तिथे मधोमध बसलेली. तिच्याभोवती बहात्तरचा दुष्काळ. जालन्याकडे रस्त्याचं काम निघालं होतं, आई खडी फोडायला जायची आणि मला लुगड्याच्या झोळीत घालून बाभळीला टांगायची. म्हणजे आई सांगायची तसं. मला काय आठवणार? पण हिरव्या लुगड्यातून गाळून आलेलं ऊन मला कधीकधी उगाच दिसतं, डोळे मिटले की. लोक म्हणतात स्वप्न असेल. दीप्तीच्या हिशेबानं ते ऊन पडलं त्या दिवशीची पेशी अजून आत आहे, तिच्यावर पुढची सगळी वर्षं चढलीत, एवढंच. मला इतकं बरं वाटलं. कुणीतरी काहीतरी जपून ठेवलंय हे ऐकूनच बरं वाटलं. परबभाऊंचा नंबर आधी लागला. डोळे स्वच्छ. "एकतीस वर्षं किरणांत, आणि एकदम झकास," असं स्वतःच म्हणत ते बाकड्यावर येऊन बसले. मग माझा नंबर लागला.

मी 'नाही' म्हटल्यावर तिनं पुढचं विचारलं. शुगर? नाही. दम्याची औषधं, स्टेरॉइड? नाही. डोळ्याला कधी मार लागला? नाही. "मग हे असं कसं, मावशी? दोन्ही डोळ्यांत, बरोब्बर मागे मधोमध." मी म्हटलं, "नशीब." तिनं ते लिहिलं नाही, नशिबाला रकाना नसावा. म्हणाली, उन्हात, समोरून गाडीचा दिवा आला की त्रास होत असेल ना? अंधुक उजेडात उलट बरं दिसतं ना? मी मान हलवली. आता गं बया, हिला कसं कळलं? ह्या जयंतीला आमच्या गल्लीत निळ्या दिव्यांच्या माळा लावल्या होत्या, प्रत्येक दिव्याभोवती फुललेलं गोल कडं, मी सगळ्यांना सांगत सुटले की यंदा लाइटिंगवाल्यानं नवीनच फॅशन आणलीय. "ऑपरेशन केलं की जाईल," दीप्ती म्हणाली, "अर्ध्या तासाचं काम. जुनं भिंग काढतात, नवीन बसवतात." "काढलेलं कुठे टाकतात?" "चुरा करून नळीनं ओढून घेतात मावशी. टाकायला काही उरत नाही." मी उठले. तिनं मला पुठ्ठ्याचा काळा चष्मा दिला, उन्हात जाऊ नका म्हणाली, आणि दाराशी आल्यावर, हळूच, परबभाऊंना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "मी पाचपर्यंत आहे. काही आठवलं तर या." माझ्या पाठीमागे बाकडं करकरलं, पण परबभाऊ उठले नाहीत.

उन्हात जाऊ नका म्हणालेली, आणि मी नेमकी उन्हातच गेले. मला त्या वर्गातून, त्या इमारतीतूनच बाहेर पडायचं होतं. गेटबाहेर एप्रिलची दुपार, आणि थेंबांमुळे माझ्या डोळ्यांच्या बाहुल्या दाराच्या दोन्ही फळ्या उघडाव्यात तशा सताड उघड्या. सगळं पांढरं. रिक्षा पांढऱ्यातून यायच्या आणि पांढऱ्यात जायच्या, उसाच्या रसवाल्याच्या गाड्यावरच्या घुंगरांचा आवाज यायचा पण गाडा दिसायचा नाही, मग एकदम हातभर अंतरावर दिसायचा. वाट लागली, म्हटलं, नंदा, आता तू रस्ता ओलांडून दाखव. ओलांडला मात्र. पांढऱ्या उजेडातून माणसं डोक्याविना चालत होती, नुसती पावलं, पिशव्या, पंजाबी ड्रेसचे काठ. आणि मला आपली ती एक्स-रेची खोली आठवत राहिली. तिथे अंधार असतो. पडदे ओढलेले, फक्त मशीनचा निळसर पडदा. तिथे मला सगळं दिसतं. गेलं वर्षभर वॉर्डात मला पोरांची तोंडं नीट दिसत नाहीत, खिडकीशी तर नाहीच, कान दिसतात, जावळ दिसतं, आणि तोंडाच्या जागी दुधाची साय. मी वासावरून आणि रडण्यावरून ओळखते. पण खोलीत पोर टेबलावर घेतलं, दिवा गेला, की त्याचं तोंड वर येतं. पापण्या, नाकाखालचा शेंबूड, सगळं लख्ख. ज्या खोलीनं माझे डोळे खाल्ले त्याच खोलीत मला सगळ्यांत चांगलं दिसतं. आणि मी 'हो' म्हटलं असतं तर उद्यापासून मला त्या खोलीत कुणी पाय ठेवू दिला नसता. दारावर लाल अक्षरांत लिहिलेलंच आहे, बॅज नसलेल्या व्यक्तीने मशीन चालू असताना आत थांबू नये. बावीस वर्षं त्या पाटीखालून मी आत जाते. एकदा परबभाऊंनी वर ऑफिसात माझ्यासाठी बॅज मागितलाही होता. आया टेक्निकल स्टाफमध्ये येत नाही, तिला कुठल्या यादीत घालायचं, असं उत्तर आलं. दोनतीन दिवस त्यांनी मला बोलावलं नाही. मग एक पोर आलं आणि त्यांनी मला हाक मारली.

पहिलं पोरही असंच हाक मारून आलं होतं. आठ महिन्यांचं, खाल्लेलं सगळं उलटून टाकायचं. बेरियमची तपासणी. चुन्यासारखं पांढरं औषध बाटलीनं पाजायचं आणि ते घशातून कसं उतरतं ते मशीन चालू ठेवून बघायचं. आईला आत घेत नाहीत, तिच्या पोटात दुसरं असू शकतं. सिस्टर म्हणाली माझं काम नाही. ते पोर असं धनुष्य व्हायचं की परबभाऊंना घाम फुटला, काचेमागून ओरडले, "अरे कोणीतरी धरा रे त्येका!" मी जमीन पुसत होते. फडकं टाकलं आणि आत गेले. त्यांनी स्वतःचा शिशाचा एप्रन काढून माझ्या अंगावर घातला, इतका जड की मी खालीच बसले असते. आणि मी बाटली उशीला टेकवून त्याच्या तोंडात दिली, पोराचे दोन्ही हात वर घेतले, कानांना लावले, कोपरं धरली. हात धरायचे नसतात, कोपरं धरायची, म्हणजे डोकंही आपोआप धरलं जातं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि तोंड खाली नेऊन मी त्याच्या डोळ्यांत डोळे घातले. ते थांबलं. मी पापणी लववली की त्याचा ओठ वाकडा व्हायचा, म्हणून मी पापणी लववायची नाही. पांढरी धार त्याच्या घशात उतरताना पडद्यावर दिसत होती, मी तिकडे बघितलं नाही, मी त्याच्याकडे बघत होते. पाच मिनिटं. बाहेर आल्यावर परबभाऊ म्हणाले, "मेल्या, तुझ्या डोळ्यांत काय आसा काय? पोर गप कसा रवला?" 'मेल्या' म्हणाले मला, पुरुषाला म्हणतात तसं, कौतुकानं. मला कुणी कधी कामाचं कौतुक केलं नव्हतं. वॉर्डात बेडपॅन चांगलं धुतलं म्हणून कोण शाबासकी देतंय? त्या दिवसापासून पोर आलं की हाक यायची, आणि मी हातातलं काम टाकून जायची. एप्रन छातीला, पोटाला. डोळ्यांना काय असतं? डोळे उघडेच. ते उघडे ठेवणं हेच तर माझं काम.

बसस्टॉपवर सावली होती, तिथे बसले. मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून, जवळ धरून, शेवटी तोंडानं नाव सांगूनच लेकीला फोन लावला. संघमित्रा बोरिवलीला शाळेत शिकवते, मधल्या सुट्टीत असते. "मम्मी, बोल गं, काय झालं?" मी म्हटलं, मोतीबिंदू झालाय. "मग काढून टाक ना! एवढं काय त्यात, सगळ्यांचं होतं." मी म्हटलं, किरणांनी झालाय. पलीकडे पोरांचा गोंगाट. मग ती म्हणाली, "तरी मी तुला सांगत होते. त्या खोलीत नको जाऊस, तुझं काम आहे का ते? तू ऐकतेस कुणाचं? मी तापानं फणफणले होते तेव्हापण तू पोरं धरायला गेलीस. मला शेजारच्या काकू धरून बसल्या होत्या." "तो परीक्षेच्या धास्तीचा ताप..." "सातवीत होते मम्मी. परीक्षा नव्हती." खरं होतं. तिला मी किती धरलं? ती मोठी होताना मी लोकांची पोरं धरत होते, आणि ते मला आवडत होतं, आणि तिथे परबभाऊ माझं नाव घेऊन हाक मारत होते. हे आता ह्या वयात फोनवर कसं सांगायचं? "सांगितलंस का त्यांना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, परबभाऊंना रिटायर व्हायला चार महिने राहिलेत, त्यांच्यावर येईल. मिठाला जागायला नको का? झाकली मूठ सव्वा लाखाची. "कुणाची मूठ मम्मी? तुझी की त्यांची?" ही माझी लेक. शाळेत पोरांना अशीच झोडपत असणार. घंटा वाजली, "रात्री बोलू," म्हणून तिनं फोन ठेवला.

बाजूला एक बाई येऊन बसली, खांद्यावर पोर. तिच्या खांद्यावरून ते माझ्याकडे बघत होतं, म्हणजे असणार, डोकं माझ्याकडे वळलेलं होतं. सवयीनं मी पुठ्ठ्याचा चष्मा काढला, डोळे मोठे केले आणि त्याच्याकडे तोंड नेलं. उजेड आत घुसला तो सुया घेऊनच. मधोमध साय, सायीभोवती पोराचे दोन कान. मी पापणी लववायची नाही म्हणून जोर केला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि शेवटी मी डोळे घट्ट मिटून घेतले. पोरानं भोकाड पसरलं. बाई म्हणाली, "काय करता ओ तुम्ही!" आणि उठून लांब उभी राहिली. बावीस वर्षांत माझ्याकडे बघून पोर रडलं नव्हतं. मला रडू आलं, सरळ सांगते, बसस्टॉपवर बसून मी रडले. आणि रडता रडता मला चेतना आठवली. चेतना आमच्या वॉर्डातली नवी आया, घरी दोन लेकरं. गेल्या महिन्यात मी रजेवर होते तेव्हा तीन वेळा तिला आत पाठवलं. परत आल्यावर मला म्हणाली, "मावशी, माझ्याकडे पोरं रडतात, तुझ्याकडे कशी नाही गं रडत?" आणि मी शहाणीनं तिला शिकवलं. कोपरं अशी धर. तोंड खाली ने, अजून खाली, अजून. आणि डोळे मिटू नको. काही झालं तरी मिटू नको, काय? ती वॉर्डातल्या आरशात बघून सराव करत होती. आम्ही दोघी किती हसलो होतो.

तिथे बसल्या बसल्या मला ते सगळं एकदम समजलं, दीप्तीची जोडी म्हणजे काय ते. परबभाऊ किरणांतले, त्यांचे डोळे साफ. त्यांची जोडीदार नंदा, किरणांशी संबंध नाही, तिचे डोळे खराब. कागदावर काय दिसणार? किरणांनी काही होत नाही, उलट बाहेरच्यांचेच डोळे बिघडतात. चष्म्यांचं नाव कोण काढणार मग? हजार माणसांत मी एकटी असेन, असू दे. पण ती एकटी उलट्या पारड्यात बसलेली असेल. मला असा राग आला म्हणून सांगू! ऑफिसचा नाही, परबभाऊंचा नाही. मला कुणी बॅज लावला नाही, ठीक. माझं नाव कुठल्या यादीत नाही, तेही ठीक, गेलं ते आयुष्य. पण माझ्या डोळ्यांनी सगळं साठवून ठेवलंय, एकेक पोर, एकेक मिनिट, काहीच बाहेर सांडलेलं नाही, आणि मी त्यांनाच खोटी साक्ष द्यायला उभं करून आलेय. आणि चार दिवसांनी ऑपरेशन केलं की त्यांचाही चुरा होऊन नळीतून जाणार. मग विचारायलासुद्धा कुणी उरणार नाही. मी चष्मा लावला आणि पांढऱ्या उजेडातून परत निघाले. त्या खोलीत आपण पुन्हा जाणार नाही, हे रस्ता ओलांडतानाच मला कळलं होतं. पण थांबले नाही.

पावणेपाच झाले होते. दीप्ती यंत्राच्या वायरी गुंडाळत होती. परबभाऊ त्याच बाकड्यावर, त्याच जागी. "गेला नाहीत?" "खंय जाऊ? माका धड दिसता काय?" त्यांच्याही बाहुल्या अजून पसरलेल्या. मी त्यांच्याशी आणखी काही बोलले नाही, नाहीतर माझा धीर सुटला असता. दीप्तीला म्हटलं, "मघाशी मी खोटं बोलले. बावीस वर्षं मी आत पोरं धरते. मशीन चालू असताना. लिहा." तिनं वायर खाली ठेवली. फॉर्मवरची एक ओळ तिनं खोडली आणि म्हणाली, "मावशी, पण कशावरून लिहू? बॅज नाही, तुमची ड्युटी कुठे नोंदलेली नाही. मला डोस काढावा लागेल ना. किती मुलं, किती वेळ, किती अंतर." नोंद कुठली असणार? आयानं किती पोरं धरली ते कोण लिहून ठेवतं? आणि तेव्हा बाकड्यावरून परबभाऊ बोलले. "माझ्या रजिस्टरात आसत." आम्ही दोघी वळलो. "पोरांची नावं. तारीख, तपासणी, किती मिनिटं मशीन चालला, सगळा. आठवड्याक दहा-बारा पोरां. जुन्या मशीनवर एकेक पाच-पाच मिनिटां. प्रत्येक पोराच्या नावापुढे हिचा नाव लिव." दीप्ती म्हणाली, "काका, तुमच्यावर येईल हे. तुम्ही आत घेत होतात म्हणून." "येवंदे," ते म्हणाले. "मी जोडी म्हणान हिका घेऊन इलंय. माझ्या डोक्यातच नाय इला गो. एकदा पण नाय इला."

राहिलं अंतर. दीप्तीनं टेबलावरच्या फायली बाजूला सारल्या, एक टॉवेल गुंडाळून ठेवला, म्हणाली, "करून दाखवा, मावशी. नेहमी धरता तसं." मला आधी हसू आलं. मग मी टॉवेलजवळ गेले आणि हातांनी आपोआप टॉवेलची दोन टोकं वर घेतली, कोपरांसारखी, आणि पाठ वाकली. खिडकीचा पडदा तिनं ओढला होता. तोंड खाली गेलं, अजून खाली. दीप्तीनं परबभाऊंच्या हातात टेप दिली आणि ती कागद घेऊन उभी राहिली. परबभाऊंनी टेप डोळ्यांपाशी नेली, लांब धरली, आकडे त्यांना वाचता येईनात. त्यांनी टेप ठेवून दिली. मग त्यांनी हात पसरला, अंगठा टॉवेलच्या माथ्यावर टेकवला आणि करंगळी माझ्या डोळ्याखालच्या हाडावर. "एक वीत," ते म्हणाले. दीप्तीनं त्यांच्या हाताला पट्टी लावून सेंटिमीटर लिहून घेतले. "दरवेळी इतकं जवळ?" "दरवेळी." "हलू नको हां," परबभाऊ म्हणाले, सवयीनं, आणि मीही सवयीनं हलले नाही, पापणी लववली नाही. अंधुक उजेडात टॉवेलचा एकेक धागा मला दिसत होता.

"झालं मावशी, सोडा आता," दीप्ती म्हणाली. मी सोडेना. हे शेवटचं होतं. परबभाऊंनीही हात काढला नव्हता. बावीस वर्षं त्यांनी काचेमागून माझी पाठ बघितली होती. "नंदा," ते म्हणाले, "एवढ्या जवळ होतंस गो तू?"

"तान्ह्या पोराला एवढंच दिसतं, परबभाऊ," मी म्हटलं. "ह्याच्या पलीकडे गेलं की आपण त्याच्यासाठी नसतोच." आणि मग मी टॉवेल सोडला.